पुरुषांनी स्फटिक कसा निवडावा, कसा वापरावा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



आजचा पाठ खास बंधूंसाठी आहे. भगिनींनीही तो वाचावा, कारण हा प्रश्न आमच्यापर्यंत भगिनींच्याच तोंडून येतो. गुरुवारची आरती होते, प्रसाद वाटून होतो, आणि मग एखादी वहिनी बाजूला घेऊन हळूच विचारते, "ह्यांना स्फटिकाची माळ घालायची आहे, चालेल का? पण ह्यांनी विचारलं असं सांगू नका हं." दुसरीचा मुलगा हरमलहून मनगटात काळे मणी घालून आला, त्यावरून घरात वाद सुरू. तिसरीच्या घरी नीलमाच्या अंगठीसाठी कर्ज काढायचं चाललंय. पेडणे म्हणा, डिचोली म्हणा, दोन्हीकडे हेच. म्हणून आम्ही सेविकांनी वाचून, विचारून, आपसात बोलून हा पाठ तयार केला. एकदा पूर्ण वाचा, मग निर्णय घ्या.

१) पुरुषाने खडा घालावा का?

"हे बायकांचं काम" असं बऱ्याच बंधूंना वाटतं. पण आपली परंपरा बघितली तर तसं काहीच नाही. भिकबाळी ही पुरुषाच्याच कानात असायची आणि तिच्यात मोती असायचे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांची परीक्षा कशी करावी यावर वेगळे अध्याय आहेत. चिदंबरम आणि शृंगेरी इथे स्फटिकाच्या शिवलिंगाची पूजा होते.

एवढं लांब कशाला, आपल्या गोव्यातल्या कितीतरी घरांत पंचायतन आहे. त्यात पाच देवांचे पाच दगड असतात. शिवाचा बाण नर्मदेचा, विष्णूचा शाळीग्राम गंडकीचा, गणपतीचा तांबडा दगड शोण नदीचा, देवीचा सुवर्णमुखी नदीचा, आणि सूर्याचा स्फटिक. ही पूजा घरचा कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या सोवळं नेसून करत आला आहे. म्हणजे स्फटिक हातात घेणं पुरुषाला नवीन नाही. त्याने त्यात संकोच मानू नये.

मात्र आम्हाला एक गोष्ट जाणवली, ती सांगतो. "कुठला खडा घालू?" असं जेव्हा पुरुष विचारतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. झोप लागत नाही. हप्ता थकलाय. मुलगा बोलत नाही. संध्याकाळी पाय आपोआप बारकडे वळतात. बाई आपलं दुःख शेजारणीला सांगते, विहिरीवर सांगते, देवळात रडते. पुरुष सांगत नाही, तो खड्याचं विचारतो. म्हणून निवडीची पहिली पायरी दुकानात नसते. एका कागदावर, कुणाला न दाखवता, आपला खरा प्रश्न एका ओळीत लिहायचा. खड्याचं नाव त्यानंतर.

२) स्फटिक म्हणजे नेमकं काय?

शास्त्राच्या भाषेत स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही दोन मूलद्रव्यं त्यात असतात. लहानपणी आपण ज्या पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासून अंधारात चमक बघायचो, त्या आणि दुकानातला स्फटिक हे मुळात एकच द्रव्य. एक पारदर्शक आणि सुबक, दुसरी धुरकट, एवढाच फरक.

जांभळा जमुनिया, पिवळा सुनेला, गुलाबी क्वार्ट्झ आणि रेघारेघांचा अकीक हेही याच कुळातले. बाजारात मिळणारा बराचसा सुनेला हा भट्टीत तापवून पिवळा केलेला जमुनिया असतो. तो खोटा म्हणता येणार नाही, पण दुकानदाराने तसं सांगून विकायला हवा. आणि सुनेला म्हणजे पुष्कराज नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. पुष्कराज हा कुरुंदाच्या जातीचा, त्याची कठीणता ९. स्फटिकाच्या सगळ्या कुळाची कठीणता ७. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

३) आपल्या डिचोलीचाच खडा

हरमल, मांद्रे, मोरजी इथल्या दुकानांत चकचकीत काळ्या-करड्या, वजनदार मण्यांच्या माळा टांगलेल्या असतात. त्याला ते हेमेटाइट म्हणतात आणि "पुरुषांचा खडा" म्हणून विकतात. आपल्या मुलांच्या मनगटात असतात ते मणी हेच.

बंधूंनो, हेमेटाइट म्हणजे काय ठाऊक आहे? लोहखनिज! डिचोलीच्या खाणींतून जे वर्षानुवर्षं ट्रकांनी धक्क्यावर, बार्जांनी मांडवीतून मुरगावला आणि तिथून जपानला, चीनला गेलं, तेच. आपल्या डोंगरांत ते गारेच्या पट्ट्यांबरोबर सापडतं. म्हणजे स्फटिकाचं आणि लोहाचं नातं आपल्या मातीतच आहे. घासलं की त्याची पूड तांबडी निघते. खाणीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांना तो रंग सांगायला नको. दोरीवरचे कपडे, माडाची चुडतं, पोरांचे गणवेश, सगळं त्याच रंगाचं व्हायचं.

२०१२ साली खाणी थांबल्या. मध्ये थोड्या चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद पडल्या. ट्रक दारात उभे आणि हप्ते चालू, अशी घरं आपण पाहिली आहेत. त्या काळात कितीजणांच्या बोटांत शनीची अंगठी आली, तेही पाहिलं. ज्या फातराने घर चालवलं, तो थांबल्यावर घर बसलं, आणि आता दुसरा फातर ते सावरील अशी आशा. आम्ही त्या आशेला हसत नाही. पण ज्या घरांनी त्यातून वाट काढली, ती कशी काढली हे आठवून बघा. कुणी ट्रक वेळेत विकला, कुणी काजूच्या बागेकडे परत वळला, कुणाच्या बायकोने खानावळ सुरू केली, कुणी लाज सोडून भावाला खरा आकडा सांगितला. अंगठी होती त्यांनीही हे केलं, नव्हती त्यांनीही हेच केलं.

मण्यांविषयी एक व्यवहाराची खूण सांगतो. जे काळे मणी लोहचुंबकासारखे एकमेकांना चटकन चिकटतात, ते कारखान्यात बनवलेले असतात. नैसर्गिक हेमेटाइट असा चिकटत नाही. खरा मणी हाताला जड लागतो, आणि झिलई नसलेल्या लादीच्या मागच्या बाजूवर घासला तर तांबूस रेघ उठते.

४) गोव्याच्या नावाचा दगड

दगडाने दुखणं बरं होतं, हा विश्वास आपल्या गोव्यात जुना आहे. इतका, की एका दगडाला जगभर "गोवा स्टोन" म्हणतात. सतराव्या शतकात गोव्यातल्या जेझुइटांच्या औषधशाळेत गास्पार आंतोनियो नावाचे एक ब्रदर होते. त्यांनी प्राण्यांच्या पोटात सापडणारे खडे, शिंपले, कस्तुरी, रत्नांची पूड असं एकत्र मळून गोळे तयार केले आणि वर सोन्याचा मुलामा दिला. युरोपातले श्रीमंत लोक ते सोन्याच्या जाळीदार डब्यात ठेवत. विषबाधा झाली, ताप आला, की थोडा भुगा खरवडून पेयात घालून पीत. असा एक डबा आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

आज कुठलाही डॉक्टर तो भुगा देत नाही. डबा मात्र अजून सुंदर दिसतो. यातून घ्यायचं ते एवढंच, की दगड जवळ बाळगावा, बघून आनंद घ्यावा, त्याच्यावर नाम घ्यावं. औषधाच्या जागी ठेवू नये. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी खडा घातला म्हणून बंद करायची नाही. रात्र रात्र झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जावं, किंवा १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलावं. तिथे जाण्यात काडीचाही कमीपणा नाही. डॉक्टर हाही गुरुकृपेचाच एक दरवाजा.

५) निवड कशी करावी?

अ) एकच घ्या. दहा बोटांत सहा अंगठ्या आणि गळ्यात तीन माळा, असं झालं की एकाकडेही लक्ष राहत नाही. जपासाठी स्फटिकाची १०८ मण्यांची माळ पुरे. नोकरीच्या ठिकाणी माळ अडचणीची वाटत असेल तर २७ मण्यांची लहान माळ खिशात मावते. मनगटात घालायची असेल तर दोऱ्याने मनगट मोजा आणि एक बोट शिरेल एवढी सैल घ्या. पुरुषांच्या हाताला ८ किंवा १० मिलिमीटरचे मणी बरे पडतात.

आ) हप्त्यावर घेऊ नका. घरच्या बाईचं सोनं गहाण ठेवून, मुलांच्या फीचे पैसे वळवून, पतसंस्थेचं कर्ज काढून खडा घ्यायचा नाही. कर्जाने आणलेला खडा रोज कर्जाचीच आठवण देणार. एक दिवसाच्या मजुरीत येईल तेवढाच घ्या. तोही जमत नसेल तर आपल्या परसातली स्वच्छ धुतलेली गारगोटी देवापुढे ठेवा. द्रव्य तेच आहे, हे वर सांगितलंच.

इ) जन्मपत्रिकेवरून रत्न सांगितलं असेल तर तो वेगळा विषय, त्यात आम्ही पडत नाही. पण महाग रत्न घेताना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आणि पक्कं बिल मागा. "आज घेतलं नाही तर अनर्थ होईल" असं कुणी म्हणालं तर त्याच क्षणी उठून या. भीती घालून विकलेली वस्तू देवाकार्याला लागत नाही.

ई) घरात सांगून घ्या. लपवून घेतलेल्या अंगठीने संशय वाढतो. बायकोला बरोबर न्या, ती भावही नीट करील.

६) खरा स्फटिक कसा ओळखावा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काचेचे मणीही स्फटिक म्हणून मिळतात. घरच्या घरी करता येतील अशा खुणा:

• गालाला लावून बघा. स्फटिक थंड लागतो आणि तो थंडपणा काचेपेक्षा जास्त वेळ टिकतो.
• उजेडात धरून आत बघा. गोल गोल बुडबुडे दिसले तर काच. कापसाच्या तंतूसारखे धागे किंवा ढगासारखे डाग असतील तर तो बहुधा नैसर्गिक. दोष म्हणून तो टाकू नका, ती त्याची ओळख आहे.
• स्फटिकाचा मोठा गोळा असेल तर तो एका केसावर ठेवून फिरवत बघा. विशिष्ट कोनातून केस दुहेरी दिसतो. काचेतून तो कधीच दुहेरी दिसत नाही.
• स्फटिकाने काचेवर ओरखडा उठतो. पण ही परीक्षा दुकानात करू नका, मालक रागावेल!

प्रयोगशाळेत वाढवलेला स्फटिकही असतो. घड्याळात वापरतात तो तोच. तो घरी ओळखता येत नाही. जपाला चालतो.

७) वापर कसा करावा?

हा पाठाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा.

आपल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड हातात बेत घेतात. रंगीत लोकरीचे गोंडे लावलेली ती काठी. पण नुसती काठी घेऊन कुणी धोंड होत नाही. आधी व्रत पाळावं लागतं, नुस्तं-मांस सोडावं लागतं, तळीवर स्नान, सोवळं, आणि मग वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री निखाऱ्यांवरून चालणं. वारकऱ्याच्या तुळशीमाळेचं तेच. आपण म्हणतो, "त्याने माळ घातली." म्हणजे काय, तर दारू सोडली, मांस सोडलं. माळ दिसते, पण आपण बोलतो ते नेमाबद्दल.

आपल्या पुरुषांना वस्तूबरोबर नेम धरणं असं आधीपासून ठाऊक आहे. स्फटिकाचंही तसंच करायचं. ज्या दिवशी माळ घालाल त्या दिवशी तिच्याबरोबर एकच नेम धरा. लहान, पण न मोडणारा. उदाहरणार्थ:

• माळ गळ्यात असेतो दारूला शिवणार नाही.
• रात्री नऊनंतर मोबाईलवर पत्ते, जुगार नाही.
• रागाने तोंडात शब्द आला की आधी अकरा मणी मोजीन, मग बोलेन.
• दर महिन्याच्या एक तारखेला घरात बसून जमा-खर्च सांगेन.

सुरुवातीला ४१ दिवस धरा. अय्यप्पाची माळ घालणारे आपले मुलगे ४१ दिवस कसे राहतात ते आपण बघतोच. रोज पहाटे किंवा संध्याकाळी आंघोळ करून एक माळ जप. माळ उजव्या हातात, मधल्या बोटावर, अंगठ्याने मणी ओढायचा. तर्जनी लावायची नाही. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. नेम मोडला तर माळ देव्हाऱ्यात ठेवा, घरच्यांना खरं सांगा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू करा. नेम मोडून माळ घालून फिरणं तेवढं नको.

८) काळजी

• यंत्रावर, वायरिंगच्या कामात, होडीवर जाळं ओढताना अंगठी-कडं काढून ठेवा. अंगठी अडकून बोट जाऊ शकतं.
• स्फटिक साध्या पाण्याने, मऊ कपड्याने पुसा. जमुनिया आणि गुलाबी क्वार्ट्झ कडक उन्हात ठेवू नका, रंग उडतो.
• स्फटिकाचा गोळा खिडकीत उन्हात ठेवू नका. भिंगासारखी किरणं एका जागी येऊन कापड, कागद पेटू शकतो.
• खडा बुडवून ठेवलेलं पाणी पिऊ नका. स्फटिक निरुपद्रवी असला तरी काही रंगीत खड्यांत तांबं, शिसं, पारा असतो.
• घरात दगड कापू-घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते. गुजरातेत खंबातला अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो. आपल्या बोटात चमकणारा खडा कुणाच्या तरी श्वासाच्या किमतीवर तयार झालेला असतो. म्हणून घेतलेला खडा मानाने वापरा, हौस फिटली म्हणून टाकून देऊ नका.

९) स्फटिक आणि जास्वंद

शेवटी गुरुजी नेहमी देतात तो दृष्टांत. तो जुना आहे, सांख्य-वेदान्ताच्या ग्रंथांत येतो. पतंजलींनीही योगसूत्रांच्या पहिल्या पादात शांत झालेल्या चित्ताला निर्मळ मण्याची उपमा दिली आहे.

स्फटिकाला स्वतःचा रंग नाही. त्याच्याजवळ तांबडी जास्वंद ठेवली की तो तांबडा दिसतो. फूल बाजूला केलं की परत स्वच्छ. स्फटिक तांबडा झालाच नव्हता.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली सावध करणारी. स्फटिक स्वतःहून काही देत नाही, जवळ जे ठेवाल ते दाखवतो. गळ्यात माळ आणि समोर ग्लास असेल तर माळेत ग्लासच दिसणार. दुसरी धीर देणारी. गावाने एखाद्याला "बेवडा" म्हटलं, बँकेने "थकबाकीदार" म्हटलं, घरच्यांनी "बिनकामाचा" म्हटलं, तर तो रंग त्या माणसाचा नाही. ते शेजारी पडलेलं फूल आहे. जड असेल, फार दिवसांचं असेल, एकट्याला उचलत नसेल. मग बायकोला हाक मारा, भावाला मारा, गुरुबंधूला मारा. फूल सरकलं की आतला स्वच्छपणा जागेवरच असतो.

बंधूंनो, स्फटिक निवडताना एवढं ध्यानात असलं तरी पुष्कळ झालं.

या आठवड्याचा अभ्यास

१. आपला खरा प्रश्न एका ओळीत लिहा. कागद देव्हाऱ्यात ठेवा.
२. घरात आधीच असलेले खडे, अंगठ्या, माळा बाहेर काढा. प्रत्येकाबरोबर कुठला नेम धरला होता ते आठवा. आठवला नाही तर आता धरा.
३. पंचायतन असेल तर त्यातला सूर्याचा स्फटिक मुलाच्या हातात द्या आणि तो कशाचा आहे ते सांगा.
४. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवून दृष्टांत घरच्या मुलांना प्रत्यक्ष दाखवा.

पुढच्या गुरुवारी बंधूंनी स्वतः येऊन विचारावं. वहिनींना पुढे करू नये. आम्ही कुणाचं नाव कुणाला सांगत नाही 🙏

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥